कोयत्याची पाठ

आठवडी बाजारात घिसाड्याच्या पालापुढे कोयता निवडणारा शेतकरी धारेवरून अंगठा फिरवत बसत नाही. धार काय, घरी दगडावर काढता येते. तो कोयता उचलतो, पाठीवर दुसऱ्या लोखंडाचा हलका टोला देतो आणि कान देऊन ऐकतो. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर पात्यात कुठेतरी चीर आहे. मग एक डोळा मिटून मुठीकडून टोकाकडे बघतो, पातं पिळलेलं नाही ना. पहिलाच कोयता घेणारं शहरी गिऱ्हाईक मात्र चकाकी बघतं.

हातानं घडवलेल्या कोयत्याला चकाकी असते ती धारेलगत घासलेल्या दोन बोटांपुरती. बाकीचं अंग काळं, भट्टीतला पापुद्रा धरलेलं, हातोड्याच्या खुणांनी भरलेलं. कारागिराचा हात दिसतो तो तिथंच. पाठ मुठीपाशी जाड हवी आणि टोकाकडे उतरत गेलेली हवी. उतार सलग असेल तर घाव नीट पडलेत असं समजावं. अथपासून इतिपर्यंत एकाच जाडीचं पातं बहुधा पत्र्यातून कापून काढलेलं असतं.

लोखंड कुठलं, तर गाड्यांचे मोडके पाटे. भंगारात ते सहज मिळतात. या पोलादात कर्ब साधारण 0.5 ते 0.6 टक्के असतो, जोडीला सिलिकॉन-मँगनीज किंवा क्रोमियम. भार पडला की वाकायचं आणि पुन्हा सरळ व्हायचं, एवढ्यासाठीच ते बनवलेलं. साध्या लोखंडात कर्ब इतका कमी की कितीही पाणी दिलं तरी ते म्हणावं तसं कडक होत नाही. पूर्वी पोलाद महाग, म्हणून अंग मऊ लोखंडाचं आणि धारेपुरती पोलादाची पट्टी जोडायची, अशी रीत होती. मोटारी आल्या आणि भंगारानं ती रीत निकालात काढली.

घिसाड्यांच्या कामात सांडशी पुरुषाच्या हाती आणि घण बहुतेक वेळा बाईच्या हाती. त्याचा लहान हातोडा जागा दाखवतो, लगोलग तिचा घण तिथंच पडतो. बोलणं नाही. हातोडा रिकाम्या ऐरणीवर वाजला की थांबायचं. ‘मदतीला बायको’ असं या कामाचं वर्णन पुष्कळदा केलं जातं, ते मला पटत नाही. पाटा पसरवायचं खरं बळ घणाचंच असतं.

सगळ्यात नाजूक काम पाणी देण्याचं. पातं लाल तापलं, म्हणजे साधारण 800 ते 850 अंशांवर आलं, की फक्त धारेची बाजू पाण्यात धरायची. धार तिथल्या तिथे कडक होते, पण इतकी ठिसूळ की गाठीवर बसली तर तुकडा उडेल. पाठ अजून गरम असते. धारेजवळचा काळा थर दगडानं झटकन घासून काढला की पाठीची ऊब धारेकडे सरकताना दिसते: आधी फिकट पिवळा पट्टा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पिवळा 220 अंशांच्या आसपास, निळा 300 च्या. कोयत्याला तपकिरी आणि जांभळ्याच्या मधे कुठेतरी थांबवायचं, लगेच सगळं पातं पाण्यात. दोन-चार क्षण उशीर झाला तर धार मऊ पडते आणि पहिल्याच बाभळीवर वळते. हे रंग भर उन्हात दिसत नाहीत. भट्टीवर सावली हवी ती यासाठीही.

आकार कामावर ठरतो. कोकणात कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायच्या कोयतीला पुढे वाकडं नाक असतं. फांदी ओढून घ्यायला ते उपयोगी पडतं. ती कमरेला मागे लाकडी आकडीत अडकवायची, म्हणजे झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे. उसाच्या कोयत्याचं काम जमिनीलगत. साखर बुडख्याकडे जास्त असते, शिवाय घाव खाली आणि स्वच्छ बसला तर खोडवा चांगला फुटतो. कारखान्याच्या टोळीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. उचल त्या हिशेबानं मिळते आणि फिटते.

1959 च्या शस्त्र अधिनियमात केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू ‘शस्त्र’ या व्याख्येतून वगळल्या आहेत. पुण्यात कोयता घेऊन दहशत माजवणाऱ्या पोरांच्या बातम्या वाढल्यावर, 2023 च्या सुमारास, गिऱ्हाइकाच्या आधार कार्डाची नोंद ठेवा असं विक्रेत्यांना सांगण्यात आलं. भीती खोटी नव्हती. पण कागद मागून ऊसतोड्यालाच ताटकळावं लागेल. दुसऱ्याला कोयता कुठूनही मिळतो.

नवा कोयता हातात आला की आधी मूठ बघावी. बाभळीची असेल तर उत्तम. पात्याचं शेपूट तापवून लाकडात बसवलेलं असतं आणि तोंडाशी शेंबी असते, नाहीतर लाकूड उलतं. शेंबी हलत असेल तर कोयता बाजूला ठेवावा. मग सुकी नव्हे, ओली फांदी घ्यावी आणि तिरका घाव घालावा. वजन पुढे, नाकाकडे जाणवलं पाहिजे. मनगटानं जोर लावावा लागला तर कोयता आपल्या हाताचा नाही. घाव घातल्यावर धार उजेडात धरून पाहावी. वळली तर पाणी कमी, खपली उडाली तर जास्त.

दोन्हींवर इलाज आहे. खपली उडालेली धार तेवढी घासून मागे घ्यायची. वळलेली पुन्हा भट्टीत घालून, पाणी देऊन मिळते. पाजवून पाजवून कडक पट्टा संपला, पातं अरुंद झालं, तरी पाठीत पोलाद शिल्लक असतं. घिसाडी ते ठोकून धारेकडे आणतो आणि नव्यानं पाणी देतो. फक्त पालं पुढच्या गावाला हलायच्या आत जावं लागतं.