बैठकीची झोळी झाली की

घडीच्या व्हीलचेअरची बैठक कापडी असते, कारण खुर्ची मिटावी लागते. 1930च्या दशकात अमेरिकेतल्या हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज यांनी बैठकीखाली फुलीसारख्या दांड्या बसवून ही रचना केली. एव्हरेस्ट स्वतः मणक्याच्या दुखापतीनंतर व्हीलचेअर वापरत.

रोजच्या वजनाने कापड ताणले जाते आणि बैठकीची झोळी होते. मग मांड्या आत वळतात, कंबर एका बाजूला कलते, भार ठरावीक हाडांवर येतो. कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला ती टोचणी कळतच नाही. दबलेल्या जागी रक्त पोहोचत नाही, जखम होते आणि ती भरायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून बैठकीचे कापड बदलण्याच्या कामाला ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणे मला धोक्याचे वाटते.

कसाऱ्यासारख्या घाटपायथ्याच्या गावातल्या पावसात कापड धरून ठेवणारे स्क्रू गंजतात. तेल सोडून रात्रभर थांबावे, मगच ते फिरवावेत. माप जुन्या कापडावरून अजिबात घेऊ नये, ते ताणलेले असते. खुर्ची पूर्ण उघडून बैठकीच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांमधले अंतर मोजावे. जाड रेक्झिन, खाली नायलॉनचा थर, दुहेरी शिलाई: रिक्षाच्या सीट शिवणाऱ्या कारागिराला हे सहज जमेल. जुन्या कापडाच्या कडेतली धातूची पट्टी मात्र परत घालायला सांगा, नाहीतर स्क्रूपाशी कापड फाटते. शिवण इतकीही घट्ट नको की खुर्ची अर्धवट उघडेल. आणि वर गादी हवीच.