एच. आय. व्ही.चे उपचार आणि हृदयाची काळजी

रोग आटोक्यात आला म्हणजे रोग्याची चिंता संपली, असे आपण सहज समजतो. एच. आय. व्ही.च्या बाबतीत मात्र एक चिंता कमी होते न होते तोच दुसरी उभी राहिली आहे. ती हृदयाची.

१९८९ साली बार्देशातील पर्रा गावच्या डॉमिनिक डिसोझा या तरुणाच्या रक्तात हा विषाणू आढळला, एवढ्याच कारणासाठी त्याला ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. १९९२ साली तो वारला. त्या काळी परिणामकारक उपचार नव्हते. २००४ पासून सरकारने विषाणुरोधक औषधे मोफत देण्यास आरंभ केला. नियमित गोळ्या घेणारा मनुष्य आता सुखाने साठी-सत्तरी गाठू शकतो. परंतु त्याला हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असतो.

असे का व्हावे? कोलेस्टेरॉल हा मुळात शरीराला आवश्यक असा स्निग्ध पदार्थ. तो प्रमाणाबाहेर वाढला की रोहिणीच्या आतल्या अस्तरात साचतो. हा साका फुटला की तेथे रक्ताची गुठळी होते व हृदयाचा रक्तपुरवठा अडतो. विषाणू औषधांनी दबला तरी शरीरात मंद दाह चालूच राहतो आणि या क्रियेला हातभार लावतो. शिवाय रिटोनॅविरसारखी काही औषधे रक्तातील चरबी वाढवतात. अलीकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या डोल्युटेग्रॅविरचा हा दोष पुष्कळ कमी आहे. मात्र त्याने काहींचे वजन वाढते.

मग गोळ्या सोडाव्यात काय? मुळीच नाही! २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ या चाचणीत मधूनमधून औषध थांबवणाऱ्यांत मृत्यू तर वाढलेच, पण हृदयविकारही वाढले. याउलट २०२३ साली ‘रिप्रीव्ह’ या चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह १२ देशांतील ७,७६९ रुग्णांपैकी ज्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन दिले, त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या.

येथे मला खरा अडसर दिसतो तो लपवाछपवीचा. आमच्या पेडणे-डिचोलीकडच्या वाड्यांवर सगळे सगळ्यांना ओळखतात. चार माणसांत बोभाटा नको म्हणून रुग्ण एच. आय. व्ही.ची औषधे दूर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून आणतो आणि छातीत दुखले की गावच्या डॉक्टरांना त्यांविषयी अवाक्षर सांगत नाही. रिटोनॅविर घेणाऱ्याला अजाणता सिम्व्हास्टॅटिन दिले गेले, तर ते रक्तात अनेक पटींनी साठते. स्नायूंची नासाडी होते, प्रसंगी मूत्रपिंडेही निकामी होतात. म्हणजे विषाणूने जे केले नाही ते मौन करू शकते. २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या संमतीवाचून त्याचा रोग उघड करण्यास मनाई केली आहे, हे त्याला कोणी तरी सांगायला हवे.

बाकीचे पथ्य तुमच्या-आमच्यासारखेच. विडी-सिगारेट आणि तंबाखू सोडणे, रक्तदाब व साखर तपासणे, वर्षातून एकदा रक्तातील चरबी पाहणे, रोज अर्धा तास चालणे. हुमणात नारळाचा रस जरा बेताने घालावा. बांगडा-तारली तळण्यापेक्षा कालवणात बरी.

मित्रहो, गोळ्या सरकार देते, तपासणी डॉक्टर करतात. रुग्णाला डॉक्टरांपुढे मोकळेपणी बोलता येईल असे वातावरण गावात निर्माण करणे मात्र आपल्या हाती आहे. आपण शिकलेल्यांनी तेवढे तरी करावे.