गुडघा का कुरकुरतो?

खुरपणीला बसलेली बाई उठताना आधी जमिनीला हात टेकते, मग गुडघा धरून उभी राहते. आपल्या श्रीगोंद्याच्या शिवारात हे रोजचेच. “वय झालं, वंगण संपलं” म्हणून आपण मोकळे होतो. पण बिघाड निव्वळ वंगणाचा नसतो.

गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. त्यातली मुख्य प्रथिने दोन. एक कोलाजेन, तीन पेडांचा पीळ, थेट आपल्या दाव्यासारखा. हा पीळ मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी 1954-55 साली उलगडला. दुसरे अ‍ॅग्रिकन, ते पाणी धरून ठेवते. दोरांच्या जाळ्यात फुगलेला स्पंजच म्हणा ना.

वयाबरोबर अ‍ॅग्रिकनचे तुकडे पडतात, पाणी धरण्याची ताकद घटते. कोलाजेनची तऱ्हा निराळी. कूर्चेतले कोलाजेन वाढ पूर्ण झाल्यावर जवळपास जन्मभर तेच राहते. त्याला रक्तातली साखर वर्षानुवर्षे चिकटत जाते, पेड एकमेकांना जखडतात, दोर ताठ आणि पिवळसर होतो. काहिलीत रस फार तापला की गुळाला काळपट रंग चढतो, त्याच जातीची ही क्रिया, फक्त फार सावकाश. साखर कारखान्याच्या पत्रकात हे छापताना आम्हांलाही जरा अवघडल्यासारखे होते. पण मधुमेही सभासदांनी साखर आटोक्यात ठेवायला हे आणखी एक कारण आहे.

भीमेपलीकडे भिगवणला 1996 साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांपैकी शेकडा 18 जणांना सांध्या-स्नायूंचे दुखणे निघाले, आणि त्यात गुडघा सगळ्यांत पुढे. भिगवणचे शेत आणि आपले शेत यांत फरक तो किती?

कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. पाऊल पडले की ती दबते, उचलले की सांध्यातला रस ओढून घेते. म्हणून खाट धरू नका, सोसेल तेवढे चाला. खुरपणीला बुडाखाली लहान पाट घ्या, मधूनमधून उठा. जादा वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंच्या आसपास हलका होतो. महागड्या कोलाजेन भुकटीने झिजलेली कूर्चा भरून येते, हे सिद्ध झालेले नाही.

सांधा लाल, गरम होऊन सुजला, किंवा सकाळचा आखडलेपणा तासभर सुटला नाही, तर दुखणे वेगळे असू शकते. अशा वेळी बाजारातली बिननावाची गोळी न घेता डॉक्टर गाठावा; तसल्या गोळ्यांत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेले असते.