हक्क पाठ झाले, पण वापरायचे कुठे? जालन्यातल्या शाळांपुढचा खरा प्रश्न

बालभारतीचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडा, सुरुवातीच्या पानांवर संविधानाची उद्देशिका छापलेली असते. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत परिपाठाला तिचे सामूहिक वाचनही सुरू झाले. सातवीच्या नागरिकशास्त्रात तर मूलभूत हक्कांवर एक सोडून दोन पाठ आहेत. म्हणजे मुलांना हक्क शिकवलेच जात नाहीत, अशी ओरड खरी नाही. जालना जिल्ह्यातली परिस्थिती पाहिली की अडचण वेगळीच दिसते.

आकडा काय सांगतो?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्यात २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के महिलांचे लग्न अठराच्या आत झाले होते. जालन्यात हे प्रमाण साधारण तीनपैकी एक असे भरते. शेजारच्या परभणी आणि बीडमध्ये ते याहूनही जास्त आहे.

आता यात शिक्षण हक्क कायद्याची मर्यादा मिळवा. २००९ चा हा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना आठवीपर्यंत मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची हमी देतो. लग्नाचे कायदेशीर वय १८. मधल्या चार वर्षांत शाळेत राहण्याची तशी हमी मुलीला नाही. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते, हायस्कूल दुसऱ्या गावात, एसटीच्या वेळा बेभरवशाच्या. ‘आता घरीच राहा’ हे वाक्य नेमके इथे येते. सातवीत हक्कांचा धडा वाचलेल्या मुलीला तो वापरायची वेळ दोन-तीन वर्षांतच येते, आणि तेव्हा हातात पुस्तक नसते, समोर बाप, चुलते आणि ठरलेली तारीख असते.

ऊसतोडीचा संबंध काय?

दिवाळी झाली की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे ‘कोयत्या’वर. लग्न झाले की नवा कोयता तयार होतो, असा हा हिशेब आहे. शिवाय पाच-सहा महिने वयात आलेल्या मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचे, ही आईची काळजीही खोटी नाही. बालविवाहाला नुसते अज्ञान म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालते. जी मुले आईवडिलांबरोबर जातात त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्राथमिक शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच लिहिले आहे. हा हक्क मुलाला आणि त्याच्या आईला ठाऊक असणे म्हणजेच मानवी हक्कांचे शिक्षण. परीक्षेत मात्र ‘मूलभूत हक्क कोणते ते लिहा’ एवढेच विचारले जाते.

मग शिकवायचे कसे?

संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०११ मध्ये मानवी हक्क शिक्षणाचा जाहीरनामा स्वीकारला. त्यात या शिक्षणाची तीन अंगे सांगितली आहेत : हक्कांविषयी माहिती, हक्कांचा मान राखणारी शिकवण्याची पद्धत, आणि हक्क वापरण्याचे बळ. आपल्याकडे पहिले अंग छापून तयार आहे. दुसऱ्यावर गाडी अडते. हातात छडी घेऊन समतेचा पाठ घेतला तर मुलांच्या लक्षात छडीच राहते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. तरी ‘दोन फटके दिल्याशिवाय सुधारत नाहीत’ म्हणणारे पालकच शिक्षकांना भेटतात.

यावरचा एक चांगला उपाय कार्टूनमधून आला. ‘मीना’ हे पात्र युनिसेफने दक्षिण आशियासाठी नव्वदच्या दशकात आणले. नऊ वर्षांची मीना, भाऊ राजू आणि मिठू पोपट. एका गोष्टीत आंब्याचा मोठा वाटा राजूला मिळतो. मग दोघे एक दिवस कामांची अदलाबदल करतात आणि मीनाची कामे करताना राजूची दमछाक होते. गोष्टीत ‘हक्क’ हा शब्द आला नाही तरी चालते, कारण मोठा वाटा कोणाला, हा प्रश्न प्रत्येक मुलगी रोज ताटावर पाहते. यातूनच शाळांत मीना-राजू मंच सुरू झाले. मंचात मुलगेही असतात, ही त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट. बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत हे कधी कधी भाऊच आधी सांगतो.

शेजारच्या बीडमध्ये २००९ पासून शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम जिल्हा परिषद शाळांत सुरू झाला, पुढे तो राज्यभर गेला. त्यात संविधानातली मूल्ये जोडीत आणि गटात बोलून, खेळून शिकायची असतात. एकाने बोलायचे, दुसऱ्याने ऐकायचे. सोपे वाटते, पण जिथे घरात मुलीचे बोलणे कोणी पुरते ऐकून घेत नाही तिथे ही सवय मोठी आहे.

‘आधी कर्तव्ये शिकवा’ याचे काय?

हा आक्षेप पालकसभेत हमखास येतो. त्याला संविधानातच उत्तर आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांत अकराव्या कर्तव्याची भर घातली : ६ ते १४ वयाच्या पाल्याला शिक्षणाची संधी देणे. हे कर्तव्य आईबापांचे आहे, मुलांचे नव्हे.

मुलीने सांगितले, तर पुढे?

तिसरे अंग इथे लागते आणि इथेच शिक्षक कचरतात. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक असतो, अंगणवाडी सेविकेची त्याला साथ असते. पण तक्रार कोणी केली हे गावात दुसऱ्या दिवशी कळते, आणि गुरुजींना त्याच गावात रोज यायचे असते. म्हणून सगळा भार एका शिक्षकावर टाकणे गैर आहे. २०२२ मध्ये शाळा पातळीवर सखी सावित्री समित्या स्थापण्याचा शासन निर्णय निघाला, तो जबाबदारी वाटून घेता यावी म्हणूनही उपयोगी आहे. तुमच्या शाळेतल्या समितीत कोण आहे, हे पालक म्हणून विचारता येते. शाळा व्यवस्थापन समितीत तर तीन चतुर्थांश सदस्य पालकच असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला.

मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक मोफत आहे आणि मूल स्वतःही त्यावर बोलू शकते. लग्न ठरल्याचे वेळेत कळले तर न्यायालय ते थांबवण्याचा आदेश देऊ शकते. लग्न होऊन गेले असले, तरी २००६ च्या कायद्यानुसार सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत, मुलगी ते रद्द करून मागू शकते. त्यासाठी तिला जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो.