रोवणीच्या दिवसांत ढोरं कुठं उभी राहतात?

भंडारा जिल्ह्यात रोवणी सुरू झाली की बांध्या ढोरांना बंद. मग साकोली-लाखनीकडची जनावरं गायरानात आणि झुडपी जंगलात लोटतात, आणि माती नेमकी तेव्हाच भिजून मऊ झालेली असते. चराईचं नुकसान म्हटलं की आपण गवत बघतो. मला त्याहून मोठा हिशेब नत्राचा वाटतो.

गाय गवतातून जेवढं नत्र खाते, त्यातलं ७५ ते ९० टक्के शेणामुतातून परत टाकते. प्रश्न कुठं टाकते, हा. न्यूझीलंडच्या दुभत्या गायींच्या कुरणांत मूत्र पडलेल्या जागी हेक्टरी ५०० किलोंहून अधिक नत्र मोजलं गेलंय. आपल्याकडे धानाला शिफारस साधारण १०० किलोंची. आपली गावठी गाय लहान, पण तिच्याही मुताच्या जागी गवताला पेलणार नाही इतकं नत्र पडतं. मुतातल्या युरियाचा अमोनिया होऊन काही हवेत जातो. उरलेल्याचं जिवाणू नायट्रेट करतात, ते पावसाच्या पाण्याबरोबर झिरपतं. खुरांनी दाबलेल्या, पाणी तुंबलेल्या मातीत हवा शिरत नाही. तिथं दुसरे जिवाणू नायट्रेटचं वायूत रूपांतर करतात, त्यात हवामान तापवणारा नायट्रस ऑक्साइडही असतो.

शिवाय ढोरं चरतात गायरानात, शेण टाकतात आखरावर, गोठ्यात, तलावाच्या पाळीवर. ते खताच्या खड्ड्यात गेलं तर बांधीला लाभतं. गोवऱ्या थापल्या तर नत्र चुलीच्या धुरात. गायरान दोन्हीकडून रितं. अशा जागी तरोटा माजतो. ढोरं त्याला तोंड लावत नाहीत (आपण मात्र कोवळ्या पाल्याची भाजी चवीनं खातो). शेंगा धरत असला, तरी त्याच्या मुळांवर नत्र बांधणाऱ्या गाठी नसतात.

उपाय ढोरक्याच्या हातातला आहे. गायरानाचे भाग पाडून पावसाच्या सुरुवातीला एखादा आळीपाळीनं बंद ठेवावा. वाढीला लागलेलं गवत नायट्रेट ओढून घेतं. दुपारी ढोरं बसवायची जागा बदलावी. धुऱ्यावरचं गवत कापून घालावं. धान निघाल्यावर बांधीत ढोरं सोडायची घाई टाळली, तर उभ्या धानात फेकलेली लाखोळीही वाचते. तिच्या मुळांवर मात्र त्या गाठी असतात.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचा निर्वाळा दिला. तिथं उद्या रोपवन होऊन चराई बंद झाली, तर जुलैतली ढोरं उरलेल्या तुकड्यावर आणखी दाटतील आणि आळीपाळीला जागाच उरणार नाही.