धुतलेला एन-९५ मास्क काय कामाचा?

घरातल्या खुंटीला अजूनही एखादा पांढरा, वाटीसारखा मास्क लटकलेला असेल. करोनाच्या वेळचा. दोन-तीनदा साबणाने धुतलेला, पत्र्यावर वाळवलेला. दिसायला अगदी धड. मळणीला किंवा फवारणीला निघताना आपण तोच नाकावर चढवतो आणि निर्धास्त होतो. गफलत इथेच होते.

२०२० साल आठवा. मार्चअखेर जळगावात पहिला रुग्ण निघाला, एप्रिलमध्ये धुळे जिल्ह्यातही. केंद्राने १३ मार्चलाच मास्क जीवनावश्यक वस्तूंत घातले होते, तरी मेडिकलवर एन-९५ मिळेना. गावोगाव बचत गटांच्या बायांनी कापडी मास्क शिवले. ते रोज धुवायचे, हे सगळ्यांना पाठ झाले. मग एन-९५ही धुवायचा, असा समज पडला. तो आजतागायत गेलेला नाही.

दोन्हींना आपण मास्कच म्हणतो, पण जात वेगळी. कापडी मास्क सुताचा. एन-९५ च्या पोटात प्लास्टिकच्या अतिशय बारीक तंतूंचा थर असतो आणि त्या तंतूंवर स्थिर विजेचा भार दिलेला असतो. कोरड्या केसांतून कंगवा फिरवला की तो कागदाचे कपटे ओढतो ना, तसेच हे तंतू सूक्ष्म कण ओढून धरतात. शंभरातले किमान ९५ कण अडतात ते या भाराच्या जोरावर. साबणाचे पाणी किंवा सॅनिटायझर लागला की भार उतरतो. मास्क तसाच दिसतो, पण त्यातला जीव गेलेला असतो.

ही विद्युतभारित गाळणी घडवणारे शास्त्रज्ञ पीटर त्साय अमेरिकेत निवृत्त झाले होते. टंचाई पडली तसे ते २०२० मध्ये पुन्हा कामाला लागले. सुमारे ७० अंश कोरड्या उष्णतेत अर्धा तास ठेवला तर विषाणू मरतो आणि भारही टिकतो, असे दिसून आले. कुणी म्हणेल, आपल्याकडे उन्हाला काय तोटा! पण आपले मे महिन्याचे ४५ अंश म्हणजे ७० नव्हेत. उलट कडक उन्हात तंतू आणि इलॅस्टिक दोन्ही खराब होतात. चुलीवर, तव्यावर तर हा प्रयोग नकोच.

सर्वांत सोपी युक्ती होती पाळीची. माणशी पाच मास्क घ्यायचे, त्यांवर आकडे टाकायचे. आज एक नंबर वापरला की तो कागदी पिशवीत ठेवायचा, उद्या दोन नंबर. पहिल्याची पाळी येईपर्यंत त्यावरचे विषाणू बहुतांशी मरतात. पिशवी कागदीच हवी. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. मास्कच्या पुढच्या भागाला हात लावायचा नाही, लागलाच तर हात धुवायचे. इलॅस्टिक सैल झाले, मास्क भिजला, मळला किंवा गालाला घट्ट बसेना, की फेकायचा.

ही सोय मात्र टंचाईपुरती होती. पुरवठा सुरळीत झाल्यावर अमेरिकेने जून २०२१ मध्ये मास्क निर्जंतुक करणाऱ्या यंत्रांच्या परवानग्याही काढून घेतल्या.

आता शेतीचे. जिनिंगमध्ये किंवा मळणीवर धुळीसाठी एन-९५ चालतो. तो झटकून, कागदी पिशवीत ठेवून पुन्हा वापरता येतो. श्वास जड जाऊ लागला की बदलावा. फवारणीची गोष्ट निराळी. औषधाची वाफ एन-९५ अडवत नाही. त्याला कोळशाच्या डबीचा मास्क लागतो. औषध उडालेला साधा मास्क पुन्हा नाकाला लावणे म्हणजे विष हुंगत बसणे. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, हे कापूस पिकवणाऱ्या खान्देशाने विसरू नये.

तेव्हा खुंटीवरचा तो धुतलेला मास्क आजच कात्रीने कापा आणि टाकून द्या. नवा काही रुपयांत मिळतो.