पूररेषा आणि खरेदीखत : चिखली प्रकरणाच्या निमित्ताने

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने १७ मे २०२५ रोजी चिखली येथे इंद्रायणीच्या काठी उभे असलेले ३६ बंगले पाडले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाने जुलै २०२४ मध्ये तसा आदेश दिला होता व पर्यावरणहानीपोटी ५ कोटी रुपये वसूल करण्यासही फर्माविले होते. त्यावरील अपील सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये फेटाळले. नोंदणीकृत खरेदीखत हाती असूनही त्यावर बांधलेले घर कायद्याच्या दृष्टीने मुळातच उभे राहण्यास अपात्र असू शकते, ही गोष्ट या प्रकरणाने जितकी ठळकपणे पुढे आणली तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या प्रकरणाने आणली असेल. भूवापर व पर्यावरण या विषयांची वकिली करणाऱ्याचे काम नेमके कोठे सुरू होते, हे त्यावरून पाहण्याजोगे आहे.

स्वामित्व आणि वापर या दोन भिन्न गोष्टी होत. सातबारा उतारा महसुली नोंद दाखवितो. नोंदणी कार्यालय दस्त नोंदविते, विक्रेत्याचा हक्क वा जमिनीचा अनुज्ञेय वापर तपासणे हे त्याचे काम नव्हे. वापर ठरतो तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खालील विकास आराखड्याने व नियमावलीने. नदीकाठच्या जमिनीपुरता त्यात पूररेषांचा विचार मिसळतो. सर्वसाधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा म्हणजे तांबडी रेषा. नदीपात्र व निळी रेषा यांमधील पट्टा निषिद्ध क्षेत्र असून तेथे उद्यान, मोकळे मैदान यांसारखे मोजकेच वापर चालतात. दोन रेषांमधील पट्ट्यात बांधकामास मुभा आहे; परंतु २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार जोते तांबड्या रेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मीटर उंच हवे. चिखलीचे बंगले निळ्या रेषेच्या आत होते. तेथे जोते कितीही उंच केले असते तरी उपयोग नव्हता.

येथे एका शब्दाचा घोटाळा नोंदविणे अवश्य आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये ‘रेड झोन’ म्हटले की सामान्य माणसाला पूररेषा आठवत नाही. देहूरोडचे दारूगोळा भांडार आणि दिघीचा परिसर आठवतो. तो निर्बंध संरक्षण बांधकामे अधिनियम, १९०३ या केंद्रीय कायद्याचा असून तो शिथिल करण्याचा अधिकार महानगरपालिकेला नाही. अशिलाने ‘जागा रेड झोनमध्ये नाही’ असे सांगितले, तर ते या दुसऱ्या अर्थाने खरे असूनही जमीन नदीच्या पुरात असू शकते. पहिल्याच भेटीत नकाशा मागवावा, तो याकरिता.

दुसरा गैरसमज कराविषयीचा आहे. महानगरपालिका मालमत्ता कर घेते, अर्थात बांधकाम मान्य करते, असा युक्तिवाद अशा प्रकरणांत हमखास ऐकू येतो. तो टिकत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ नुसार बेकायदा इमारतीवर दुप्पट शास्ती बसविता येते, पण ती भरल्याने इमारत नियमित होत नाही, हे त्याच कलमाने स्पष्ट केले आहे. शास्तीकराचा प्रश्न या शहराच्या राजकारणात वर्षानुवर्षे गाजला आणि २०२३ मध्ये थकबाकी माफही झाली. परंतु माफी कराची होती, बांधकामाच्या दोषाची नव्हे.

आता सार्वजनिक अशिलाकडे वळावे. अशा दाव्यात महानगरपालिका बहुधा प्रतिवादी असते, आणि तिच्यावरील आक्षेप कृतीचा नसून निष्क्रियतेचा असतो. १९६६ च्या अधिनियमाचे कलम ५३ तिला नोटीस देऊन बांधकाम हटविण्याचा अधिकार देते. नोटीस दिली, हे एवढेच प्रतिज्ञालेखात सांगून भागत नाही. पुढे काय केले, हे न्यायाधिकरण विचारते. महानगरपालिकेच्या वकिलाचा खरा कस न्यायालयातील युक्तिवादात फारसा लागत नाही. ‘कार्यवाही चालू आहे’ या वाक्याच्या जागी तारीखवार तपशील द्यावयास अधिकाऱ्यांना राजी करणे, हे अधिक कठीण असते.

अर्जदाराच्या बाजूने प्रथम मुदत पाहावी लागते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम १४ खालील अर्जाला वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिने मिळतात व पुरेशा कारणास्तव आणखी साठ दिवस. कलम १५ खाली भरपाई वा पर्यावरणाचे पूर्ववत् स्थापन मागावयाचे असेल तर पाच वर्षे आहेत. मागणीची मांडणी कोणत्या कलमाखाली होते, यावर अर्ज जगतो की मरतो हे अवलंबून असते. कलम २९ मुळे या विषयांत दिवाणी न्यायालयाचा मार्ग बंद आहे, आणि न्यायाधिकरणाच्या निर्णयावर कलम २२ अन्वये अपील थेट सर्वोच्च न्यायालयात जाते. मधल्या एका पायरीची सवय असलेल्या वकिलाला हे जड जाते.

इंद्रायणीच्या दुसऱ्या तीरावर खेड तालुका लागतो आणि चाकणचा औद्योगिक पट्टा सुरू होतो. नदी तीच, पण प्राधिकरण बदलते. औद्योगिक वसाहतीत विशेष नियोजन प्राधिकरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आहे व उपर्युक्त एकत्रीकृत नियमावली तेथे लागू नाही. वसाहतीबाहेरील गावे २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे येतात. सांडपाण्याची संमती जल अधिनियम, १९७४ खाली राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ देते. यास्तव आळंदीच्या पाण्यावर फेस दिसला की प्रतिवादी कोणाला करावे, हाच पहिला वाद होतो. एक जरी सुटला तरी उरलेले त्याच्याकडे बोट दाखवून मोकळे होतात.

बंगला गमावलेल्या खरेदीदाराला काय उरते? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५(१)(अ) नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण दक्षतेने कळू न शकणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. विक्रेता येथे असे म्हणेल की पूररेषेचा नकाशा सरकारी दप्तरी आहे, कोणीही पाहावा. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ चे कलम १८(२) मुदतीचा अडसर दूर करते, परंतु ते जमिनीच्या हक्कातील दोषापुरते. आणि निषिद्ध वापर हा हक्कातील दोष मानावयाचा की नाही, हे शब्दांवरून उघड नाही. प्रकल्प नोंदणीकृतच नसेल, तर वाट आणखी अरुंद होते. साधारण दक्षता म्हणजे काय, याचे उत्तर पूररेषेच्या नकाशाच्या बाबतीत कोणत्या प्रतीच्या खरेदीदाराला धरून द्यावयाचे, यावर त्याची सारी भरपाई टांगलेली आहे.